शेंगदाणा, काळं झबलं आणि अनोळखी दार

संक्रांतीच्या संध्याकाळी मुंबईत गिरगावच्या फणसवाडीत पोरं हातात छोटा डबा घेऊन बाहेर पडतात. एका मजल्यावरची दारं झाली की वरचा मजला, मग शेजारची वाडी. चार दाणे हलवा द्यायचा, चार घ्यायचे, आजी-आजोबांच्या पाया पडायचं आणि पुढचं दार गाठायचं. अमेरिकेत 31 ऑक्टोबरला हॅलोवीनच्या रात्री मुलं सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागतात. ही आपली प्रथा त्याची सख्खी नसली तरी चुलत बहीण म्हणायला हरकत नाही. तिथलं मूल नुसतं घेतं, इथलं आधी देतं, एवढाच फरक. आईबापांच्या पोटात येणारा गोळा मात्र दोन्हीकडे सारखाच असतो: कोणी खाऊत काही घातलं असेल का, कोणी अनोळखी माणूस पोराला घेऊन तर जाणार नाही ना? या दोन्ही भीती खऱ्या मनातून येतात. पण त्या दाखवतात त्या दिशेला फारसा धोका नसतो, आणि धोका जिथे असतो तिथे आपलं लक्ष नसतं.

विषारी खाऊची गोष्ट आधी घेऊ, कारण तिचा छडा सगळ्यात नीट लागलेला आहे. जोएल बेस्ट या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1958 पासूनच्या हॅलोवीनच्या बातम्या उकरून काढल्या आणि एकेका प्रकरणाचा माग घेतला. दारी आलेल्या कुठल्याही मुलाला परक्या माणसाने विषारी खाऊ देऊन ठार किंवा गंभीर जखमी केल्याचं एकही सिद्ध झालेलं प्रकरण त्यांना सापडलं नाही. गाजलेली प्रकरणं तपासात वेगळीच निघाली. सर्वांत भयंकर 1974 चं, टेक्सासमधल्या डिअर पार्कचं. आठ वर्षांचा मुलगा सायनाइड घातलेली गोड पूड खाऊन मेला. ती पूड दिली होती त्याच्या सख्ख्या बापाने, विम्याच्या पैशासाठी. हॅलोवीनच्या विषाची अफवा तेव्हाही लोकांच्या तोंडी होती आणि बापाने तिच्याच आडोशाला लपायचा प्रयत्न केला. 1984 मध्ये त्याला मृत्युदंड दिला गेला. शेजाऱ्याच्या खाऊची भीती ज्या खुनामुळे घरोघर पक्की झाली, तो खून घरातल्याच माणसाने केला होता.

आपल्याकडे तिळगुळाच्या डब्यात विष शोधणारी आई त्याच डब्यातला शेंगदाणा बिनदिक्कत दोन वर्षांच्या बाळाच्या तोंडात घालते. लहान मुलांच्या श्वासनलिकेत अडकणाऱ्या वस्तूंमध्ये शेंगदाणा वर्षानुवर्षं पहिल्या ओळीत आहे; चणे, फुटाणे, चिंचोके त्याच्या मागोमाग. कारण साधं आहे. बाळाला पुढचे दात येतात, दाणा तुटतो, पण तो बारीक दळायला लागणाऱ्या दाढा उशिरा येतात आणि नीट चावायची सवय त्याहून उशिरा लागते. अर्धा दाणा गुळगुळीत असतो. बाळ हसलं, रडलं किंवा पळता पळता दचकलं की श्वासासरशी तो आत ओढला जातो. शेंगदाण्याचं तेल श्वासनलिकेच्या अस्तराला झोंबतं, ओलावा लागून दाणा फुगतो. कधी कधी पहिला जोराचा ठसका येऊन सगळं शांत होतं आणि घरचे निश्चिंत होतात. मग आठवडाभर खोकला, एकाच बाजूच्या छातीत घरघर, आणि औषध चालू असतं सर्दीचं. दुर्बिणीने दाणा बाहेर काढेपर्यंत फुप्फुसाचा तो भाग सुजलेला असू शकतो. म्हणून खाता खाता मुलाला अचानक जोरात ठसका लागला असेल, तर तो थांबला तरी डॉक्टरांना ती हकीकत आवर्जून सांगायची.

ठसक्याबद्दल आपल्याकडे गमतीदार समजुती आहेत. कोणीतरी आठवण काढली म्हणायचं, ‘वर बघ’ म्हणत टाळूवर थापट्या मारायच्या, पाणी पाजायचं, केळं भरवायचं म्हणजे ‘खाली जाईल’. घास अन्ननलिकेत नसतोच, तो श्वासाच्या वाटेत असतो. केळं तिथे पोचत नाही आणि पोचलं तर आणखी वाट अडवतं. मूल खोकू शकत असेल, रडू शकत असेल तर त्याला खोकू द्यावं, खोकल्याइतकं चांगलं हत्यार आपल्या हाती नाही. आवाजच फुटत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर वर्षापुढच्या मुलाला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या पात्यांमध्ये तळव्याच्या टाचेने पाच जोरकस फटके द्यायचे. दाणा सुटला नाही तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मुठीने आत आणि वर असे पाच झटके, आणि हे आलटून पालटून. वर्षाच्या आतल्या बाळाला पोटावर दाब द्यायचा नाही. फटके देताना डोकं खाली धरायचं आणि मग छातीच्या मधोमध दाबायचं. दरम्यान दुसऱ्या कोणी 108 ला फोन लावायचा. वस्तू दिसत नसताना घशात बोट घालू नये, ती आणखी आत जाते.

या हिशेबाने पाहिलं तर बोरन्हाण हा आपला सर्वांत गोड आणि सर्वांत बेसावध सोहळा आहे. पाटावर बसवलेलं बाळ, अंगात काळं झबलं, गळ्यात हलव्याचा हार, आणि डोक्यावरून ओतायचं काय? बोरं, उसाचे करवे, भुईमुगाच्या शेंगा, सोलाणे, चुरमुरे, काटेरी हलवा, हल्ली भरीला गोळ्या. भोवतालची पोरं ते लुटायला झेपावतात, फोटो काढणारे फोटो काढतात आणि उत्सवमूर्तीने मांडीवर पडलेलं बोर कधी तोंडात घातलं ते कोणाच्या लक्षात येत नाही. सोहळा बंद करा, असं कोणी सुचवत नाही. पण ओतायला चुरमुरे, लाह्या, फुलांच्या पाकळ्या चालतात. बोरं-शेंगा मोठ्या पोरांच्या हातात परस्पर देता येतात. हलव्याचा दागिना फोटो झाला की लगेच उतरवता येतो. पाच वर्षांखालच्या मुलाला तिळाची वडी द्यायची तर दाण्याचा कूट घातलेली मऊ वडी द्यावी, अख्खा दाणा नको, आणि बसवून द्यावी, पळताना नको.

दुसरी गोष्ट काळ्या रंगाची. थंडीत उन्हाची ऊब शोषून घेतो म्हणून संक्रांतीला काळं घालतात, हे कारण चांगलंच आहे. पण जानेवारीच्या मध्याला मुंबईत सव्वासहा-साडेसहाला सूर्य मावळतो आणि पोरांची फेरी नेमकी त्याच सुमाराला रंगात येते. अमेरिकेतल्या रस्ते-अपघातांच्या 42 वर्षांच्या नोंदी तपासणारा एक अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. हॅलोवीनच्या संध्याकाळी गाडीखाली येऊन पादचारी मरण्याचं प्रमाण आठवडाभर आधीच्या आणि नंतरच्या संध्याकाळींपेक्षा 43 टक्क्यांनी जास्त निघालं, आणि चार ते आठ वर्षांच्या मुलांत तर जवळजवळ दहापट. खाऊतलं विष शोधत असलेल्या देशात मुलं गाड्यांखाली येत होती. आपलं काही निराळं आहे असं मानायला आधार नाही: 2022 साली भारतात रस्त्यांवर 1 लाख 68 हजार 491 माणसं मेली, त्यांतली 32 हजारांहून अधिक पायी चालणारी होती.

यावर गिरगावकर हसून म्हणेल, आमच्या गल्लीत गाडीला वेग घ्यायला जागा आहेच कुठे? दोन्ही बाजूंना लावलेल्या मोटारी, मधून हातगाडी, बालाजीच्या देवळाकडे येणारी-जाणारी माणसं. पण अडचण तीच आहे. वाडीच्या दरवाजातून निघालेलं पोर दोन उभ्या गाड्यांच्या फटीतून रस्त्यावर येतं, तेव्हा त्याचं डोकं बॉनेटच्या वर दिसतही नाही. तासाला 30 किलोमीटर हा आपल्याला रेंगाळणारा वेग वाटतो, पण त्या वेगाने स्कूटर सेकंदाला आठ मीटरवर जाते, म्हणजे ब्रेकवर बोटं पोचेपर्यंत एका मोटारीच्या लांबीहून जास्त अंतर जातं. डिलिव्हरीच्या दुचाकीला यायला बोळही पुरतो. येणारी गाडी किती दूर आणि किती वेगात आहे याचा अंदाज सात-आठ वर्षांच्या मुलाला नीट येत नाही. ‘बघून जा’ हे त्याला सांगणं म्हणजे निम्मं काम त्याच्यावर सोडणं. काळ्या परकरावर पांढरी ओढणी, डब्याला किंवा पाठीला चमकणारी पट्टी, हातात छोटी बॅटरी, आणि रस्ता ओलांडताना मोठ्या माणसाचा हात, इतकं पुरतं. जुन्या चाळींच्या जागी टॉवर आले तिथे लोकांना वाटतं की फाटकाच्या आत पोर सुरक्षित. तिथे मागे येणारी मोटार आणि पार्किंगचा उतार यांवर नजर हवी.

राहिला अनोळखी माणूस. ‘मुलं पळवणारी टोळी फिरतेय’ हा संदेश दर दोन-तीन वर्षांनी नवा होऊन येतो. 2018 साली त्याच्यासोबत एक व्हिडिओ फिरत होता: मोटारसायकलवरचे दोघे पोराला उचलून नेतात. तो कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवलेला होता आणि त्यात शेवटी मूल परत आणून सोडतात. तेवढंच कापून टाकलेलं होतं. त्याच वर्षी 1 जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने मुलं पळवणारे समजून ठार मारलं. ‘जरा जास्त सावध राहिलं तर काय बिघडलं?’ हा आक्षेप नेहमी घेतला जातो, त्याचं एक उत्तर राईनपाड्यात आहे.

दुसरं उत्तर आकड्यांत आहे, आणि ते जपून वाचायला हवं. मुलांना खरा धोका लैंगिक अत्याचाराचा असतो; त्याविरुद्धच्या पोक्सो कायद्याखाली नोंदलेल्या बलात्काराच्या गुन्ह्यांत दहापैकी नऊहून अधिक आरोपी मुलाच्या ओळखीचे असतात, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षामागून वर्ष सांगतात. चाणाक्ष वाचक म्हणेल, ओळखीचा आरोपी सापडतो, परका सापडत नाही, म्हणून आकडा फुगतो. शिवाय मुलं वावरतातच ओळखीच्यांत. दोन्ही मुद्दे बरोबर आहेत. केंद्र सरकारच्या 2007 च्या पाहणीत मुलांनाच विचारलं तेव्हा अत्याचार करणाऱ्यांत ओळखीच्या आणि विश्वासातल्या माणसांचं प्रमाण सुमारे निम्मं आलं. निम्मं धरलं तरी ‘अनोळखी माणसाशी बोलू नको’ हा आपला एकमेव धडा निम्म्या धोक्याबद्दल गप्प राहतो. त्याच पाहणीत बहुतेक मुलांनी झाल्या प्रकाराबद्दल कोणालाच सांगितलेलं नव्हतं.

‘पूर्वी चाळीत सगळे ओळखीचे, म्हणून पोरं सुरक्षित होती,’ हे आपण हळवेपणाने म्हणतो. त्यातलं निम्मं श्रेय गॅलरीला जातं. दारं उघडी, येणाऱ्या-जाणाऱ्यावर पाच जणींची नजर, आणि पोर एकटं नाही, घोळक्यात. ओळख हे कवच नव्हतं. बंद दारामागे ओळखीचा काकाही धोकादायक ठरू शकत होता आणि तेव्हाची मुलंही ते घरी बोलत नव्हती. तेव्हा नियम माणसाबद्दल न करता जागेबद्दल करावा: उंबऱ्याच्या बाहेर उभं राहून तिळगूळ घ्यायचा, कितीही ओळखीचं घर असलं तरी एकट्याने आत जायचं नाही, आणि फेरी तिघा-चौघांनी मिळून करायची. टॉवरमध्ये लिफ्टलाही तोच नियम.

आणखी एक गोष्ट या सणालाच चिकटलेली आहे. आपण मुलाला त्या दिवशी गोड बोलायला शिकवतो, वाकून नमस्कार करायला लावतो, ‘काकांच्या मांडीवर बस बघू’ म्हणून ढकलतो आणि ते अंग चोरायला लागलं की चारचौघांत ‘लाजतोय’ म्हणून हसतो. नमस्कार लांबून हात जोडूनही होतो. नको वाटलं तर तिळगूळ न घेता, गोड न बोलता निघून यायची मुभा आपण त्याला घरून निघतानाच द्यायची, आणि ते तसं निघून आलं तर शेजाऱ्यांसमोर त्याची बाजू घ्यायची. मुलाला घरी सांगणं जड गेलं तर 1098 हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर आहे. तो 1996 मध्ये याच मुंबईत सुरू झाला. डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तो लिहून चिकटवता येतो.