रामालेचें खोरें

न्यू गिनीच्या पूर्वेस चंद्रकोरीसारखें वांकलेलें न्यू ब्रिटन नांवाचें एक बेट आहे. त्याच्या ईशान्य टोंकास रबौल हें बंदर, आणि तेथून किनाऱ्यानें पुढें गेलें कीं कोकोपो हें गांव लागतें. कोकोपोला लागूनच वुनापोपे हें कॅथॉलिक मिशनचें जुनें ठाणें आहे. तेथील तोलाई लोकांच्या भाषेंत वुनापोपे म्हणजे 'पोपचें ठिकाण'. जर्मन अमदानींत वसलेल्या या ठाण्यांत चर्च, शाळा, रुग्णालय आणि नारळीच्या विस्तीर्ण बागा होत्या.

जपानी सैन्यानें २३ जानेवारी १९४२ रोजीं रबौल घेतलें. वुनापोपेच्या रुग्णालयांतील जखमी ऑस्ट्रेलियन सैनिक आणि त्यांच्या परिचारिका शत्रूच्या हातीं सांपडल्या. जुलैमध्यें परिचारिकांना जहाजानें जपानला नेण्यांत आलें. मिशनमधील मंडळी मात्र तेथेंच स्थानबद्ध राहिली. त्यांचे बिशप लिओ शार्माख हे जन्मानें पोलिश. पण आपण हिटलरचे प्रतिनिधि आहों अशी बतावणी करून त्यांनीं जपानी अधिकाऱ्यांना बराच काळ वचकांत ठेवलें, असें सांगतात. दोस्त राष्ट्राच्या प्रतिनिधीला हात कसा लावावा, हा पेंच जपान्यांना खरोखरच पडला असावा.

रबौलवर दोस्त सैन्य उतरलेंच नाहीं. त्यांनीं तें बाजूस टाकून पुढची वाट धरली आणि आकाशांतून बाँबचा मारा चालू ठेवला. वेढ्यांत अडकलेलें लाखाच्या घरांतील जपानी सैन्य मग जमिनीखालीं शिरलें. येथील जमीन ज्वालामुखीच्या राखेची. कुदळीनें सहज खणली जाते, आणि खणलेली भिंत विटाचुन्याच्या आधाराशिवाय उभी राहते. त्यामुळें भांडारें, रुग्णालयें, कारखाने सारें कांहीं बोगद्यांत गेलें. या बोगद्यांची एकूण लांबी शेंकडों किलोमीटर भरते. कोकोपो-रबौल रस्त्यावर काराविया येथें डोंगराच्या पोटांत लोखंडी पडाव एकामागें एक गंजत उभे आहेत. रात्रीं ते रुळांवरून समुद्रांत सोडीत आणि उजाडण्यापूर्वीं पुन्हां आंत ओढीत. तोफा आणि विमानांचे सांगाडे कोकोपोच्या संग्रहालयांत आहेत. १९९४ सालीं ज्वालामुखीनें रबौल राखेखालीं गाडल्यावर प्रांताची राजधानी कोकोपोला आली, तेव्हांपासून पाहुणा प्रथम याच अवशेषांपाशीं येतो.

या बेटावर जपान्यांकरितां घाम गाळणारांत आपले लोकहि होते, हें फार थोड्यांना ठाऊक आहे. सिंगापूर पडल्यावर कैद झालेल्या हिंदी सैनिकांपैकीं हजारों जणांना न्यू ब्रिटनला आणून मजुरीस लावलें. हे युद्धकैदी नव्हतेच, असा बचाव युद्धानंतर रबौलच्या खटल्यांत जपानी आरोपींकडून मांडला गेला. कैदेंत मेलेले अनेक हिंदी सैनिक कोकोपोपासून जवळच बिता पाका येथील युद्धस्मशानभूमींत विसांवले आहेत. हिंदुस्थानांतून तेथवर जाणारा प्रवासी विरळाच.

परंतु या ठाण्याचा खरा वृत्तांत लोखंडांत सांपडत नाहीं. १९४४ च्या आरंभींच्या बाँबवर्षावांत वुनापोपे जवळजवळ जमीनदोस्त झालें. त्यानंतर जपान्यांनीं मिशनच्या लोकांना आंत रामाले नांवाच्या खोल, अरुंद खोऱ्यांत हलविलें. बाजूंना उभे कडे, वर दाट रान, तळाशीं ओढा. बाँबपासून जीव वांचविण्यासाठीं पाद्री आणि धर्मभगिनी यांनींच कड्यांत बोगदे खणले. खावयाचें काय, हा प्रश्न मात्र खणून सुटण्यासारखा नव्हता.

तो सोडविला तो तेथल्याच स्त्रियांनीं. बिशप कुपे यांनीं १९१२ सालीं स्थानिक मुलींसाठीं एक धर्मसंघ स्थापन केला होता. युद्धकाळीं त्यांत ४५ भगिनी होत्या. धर्म सोडा, असा जपान्यांचा आग्रह असतांहि त्या बधल्या नाहींत. त्यांनीं मळे लावले, कंद आणि भाज्या पिकविल्या, आणि ओझीं वाहून त्या अवघड उतारावरून युरोपीय मंडळींना पोंचतीं केलीं. डोक्यावर विमानें घिरट्या घालीत असतां हें काम चालू होतें. एरवीं या मुली मिशनच्या आश्रित म्हणून ओळखल्या जात. आतां आश्रय देणारेच त्यांच्या हाताकडे पाहूं लागले. या ओझ्यांतील एकहि टोपली कोठल्या कांचेच्या कपाटांत मला दिसावी, अशी फार इच्छा आहे. पण वेताची टोपली तोफेइतकी टिकत नाहीं.

जपानी सेनापति इमामुरा यांनीं ६ सप्टेंबर १९४५ रोजीं 'ग्लोरी' या ब्रिटिश युद्धनौकेवर शरणागति पत्करली. त्यानंतर कांहीं दिवसांनीं ऑस्ट्रेलियन सैनिक रामालेच्या कड्यावरून खालीं उतरले. खोऱ्यांत त्यांना सुमारें तीनशें माणसें जिवंत सांपडलीं.