मिरजेची सतार : सामाईक नावाची जोखीम

शस्त्रांना धार लावणारी मिरजेची शिकलगार मंडळी संस्थानी काळात तंतुवाद्यांकडे वळली आणि ‘सतारमेकर’ हेच त्यांचे आडनाव होऊन बसले. पंढरपूर-मंगळवेढा भागातून आणलेले भोपळे ही मंडळी दीर्घकाळ वाळवून मगच वापरतात. व्यापारी भाषेत सांगायचे, तर हे गुंतून पडलेले भांडवल. अशा मालाला तारण मानताना बँकेचा हातही आखडतोच. जवारी लावण्याचे कसब तर पिढ्यानपिढ्या घरातच शिकवले गेले.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. १९९९ च्या कायद्यानुसार हे नाव एका दुकानाचे नसते. ते समूहाचे असते. प्रत्येक कारागिराने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करावयाची असते. पेढीचे नाव जपणाऱ्यांना यातील जोखीम सहज उमजेल. एकाने कच्चा भोपळा खपवला, तर बट्टा सर्वांना लागणार. म्हणूनच, भोपळा किती वाळला म्हणजे तो सतारीस योग्य, हे आता आळीतल्या सर्व घरांनी एकत्र बसून ठरवावयाचे आहे. नोंदणीची मुदत दहा वर्षांची आहे.