छावणीतला आजारी शिपाई

हिंगोली १९९९पर्यंत परभणी जिल्ह्यात होती. एकोणिसाव्या शतकात मात्र तिची ओळख छावणीचं गाव अशीच. निजामाच्या पैशावर पोसलेली आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीत चालणारी हैदराबाद कंटिंजंट ही फौज हिंगोली, जालना, मोमिनाबाद (आजचं अंबाजोगाई) इथे तळ ठोकून असे. तिच्या खर्चापोटी १८५३च्या तहाने अख्खा वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. इतक्या महागड्या फौजेतला शिपाई आजारी पडला, तर त्याच्या वाट्याला काय यायचं?

त्या काळी पलटणीगणिक वेगळं इस्पितळ असे. वर गोरा सर्जन, हाताखाली ‘नेटिव्ह डॉक्टर’. असे देशी डॉक्टर तयार व्हावेत म्हणून रेसिडेन्सी सर्जन मॅक्लीन यांनी १८४६मध्ये हैदराबादला शाळा काढली, शिकवणं उर्दूतून. इस्पितळात औषध सरकारी, पण अंथरूण-पांघरूण आणि भाकरी ज्याची त्याने बघायची. तापाने फणफणलेल्याला चूल पेटवणं झेपलं नाही, तर सोबतचा जातभाई शिजवून घाली. शुश्रूषाही तोच करी. शिपायांनाच परक्या हातचं चालत नाही, असं साहेबलोक सांगत. ते खोटं नव्हतं. पण त्यात सरकारचे पैसेही वाचत होते.

हिंदुस्थानातल्या गोऱ्या सैनिकांत वर्षाला हजारी ६९ मृत्यू होतात, हे १८६३च्या शाही आयोगाच्या अहवालातून पुढे आलं आणि विलायतेत खळबळ उडाली. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी देशी पलटणींच्या इस्पितळांवरही कोरडे ओढले. देशी शिपायांचा मृत्युदर कमी दिसे खरा, पण दुखणं लांबलेल्या शिपायाला रजेवर घरी धाडलं जाई. तो गावी जाऊन मेला, तर पलटणीच्या हिशेबात कसा येणार?

लढाईत तर हाल आणखी. सत्तावन्नचा उठाव मोडायला निघालेले इंग्रज सेनापती ह्यू रोज यांच्या फौजेबरोबर १८५८च्या उन्हाळ्यात कंटिंजंटही बुंदेलखंडात लढली. तिथल्या कोंचच्या लढाईत गोळीइतकेच उन्हानेही बळी घेतले. खुद्द रोज घोड्यावरून कोसळले. पडलेल्यांना डोलीत घालून न्यायचं, डोक्यावर पाणी ओतायचं, एवढाच काय तो इलाज.

१९०३मध्ये कंटिंजंट हिंदी सैन्यात विलीन झाली आणि हिंगोलीची छावणी उठली. देशी शिपायांसाठी पलटणीगणिक इस्पितळांच्या जागी छावणीचं सामाईक इस्पितळ, म्हणजे स्टेशन हॉस्पिटलं, मंजूर व्हायला १९१८ उजाडलं. तेही पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात जखमींचे झालेले हाल चव्हाट्यावर आल्यानंतर.