लायसन्सची ‘डेट’ चुकली?

आरसी, पीयूसी, इन्शुरन्स... सगळं अप-टू-डेट! पण लायसन्सवरची तारीख शेवटची कधी पाहिलीत? 2006 मध्ये 18 व्या वर्षी लायसन्स काढलेल्यांची 20 वर्षं 2026 मध्ये भरतात, बरं का!

माझ्या दादाला हे कळलं तेव्हा तारीख उलटून सव्वा वर्ष झालं होतं. रोज बाइकनं ऑफिस गाठणारा दादा थेट बसच्या रांगेत! दुसरा इलाजच नव्हता. 2019 च्या दुरुस्तीनं मुदतीनंतरची 30 दिवसांची सवलत गेली आणि दंड 500 वरून 5,000 रुपयांवर गेला. वर अपघात झालाच, तर इन्शुरन्सचा क्लेम अडकू शकतो तो वेगळाच.

गणित सोपं आहे. मुदत संपण्याआधी एक वर्ष ते संपल्यावर एक वर्ष, या काळात ‘सारथी’ पोर्टलवर रिन्यूअलचा अर्ज करा, टेस्टची कटकट नाही. चाळिशी ओलांडली असेल, तर डॉक्टरांचं फॉर्म 1-ए जोडा. वर्ष उलटलं, की टेस्ट पुन्हा!

दादानं ती दिली. कॉलेजच्या पोरांमध्ये उभं राहून, पाय न टेकवता ‘आठ’ काढला. मी शिट्टी वाजवली!

तुम्ही मात्र मोबाइलमध्ये रिमाइंडर लावा. आत्ताच!