स्वस्त चिप आणि मोटारीची ताकद



मोटार ही रामदासपेठेत आता चैनीची वस्तू राहिलेली नाही, आणि पेट्रोलचा खर्च हा घरोघरच्या हिशेबाचा विषय झाला आहे. अशा वेळी कोणी म्हणाले की, काही शे रुपयांची चिप गाडीला लावा, पिकअपही वाढेल आणि ॲव्हरेजही वाढेल, तर मन तिकडे ओढ घेणारच. त्या मोहाला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु ती चिप नेमके काय करते, एवढे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

प्रथम इंजिनाचे काम पाहू. एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. पूर्वी हे प्रमाण कार्बुरेटर सांभाळीत असे. आता एक छोटा संगणक सांभाळतो. आत येणारी हवा किती, ती किती उष्ण, जळल्यावर धुरात प्राणवायू किती उरला, हे निरनिराळे सेन्सर त्याला कळवितात. त्यावरून पेट्रोल किती सोडावे आणि ठिणगी केव्हा पाडावी, हे तो क्षणोक्षणी ठरवितो.

बाजारातील स्वस्त चिपा मुख्यतः दोन जातींच्या आहेत. पहिली स्टिअरिंगखालच्या खाचेत बसते. मेकॅनिक गाडीतील दोष वाचतो, तीच ही खाच. अशा चिपांपैकी ‘नायट्रो ओबीडी-२’ नावाची एक चिप क्वार्क्सलॅब या फ्रेंच संस्थेच्या तंत्रज्ञांनी २०१८ साली उघडून तपासली. गाडीच्या संगणकाशी बोलण्यास जो भाग लागतो, तोच आत नव्हता. होती ती केवळ दिवे लुकलुकविण्याची सोय!

दुसरी जात याहून वाईट, कारण ती काहीतरी करते. तिच्यात बहुधा एक साधा रेझिस्टर असतो. त्याची किंमत दोन-चार रुपयांहून अधिक नाही. हवेचे तापमान सांगणाऱ्या सेन्सरच्या तारेत तो जोडला की, संगणकाला हवा आहे त्याहून थंड भासते. थंड हवा दाट असते, म्हणून तो पेट्रोल अधिक सोडतो. नेहमीच्या चालीत धुरातील सेन्सर ही चूक पकडतो आणि जादा पेट्रोल पुन्हा कमी होते. म्हणजे लाभ शून्य. पण पाय पूर्ण दाबला असता ही दुरुस्ती पुष्कळदा होत नाही, आणि पेट्रोल वाया जाते.

आता आपल्या नागपूरचा विचार करा. २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंश तापमान नोंदले गेले. हवा अशी तापली की, इंजिनात ठोके पडू नयेत म्हणून संगणक ठिणगी थोडी उशिरा पाडतो. त्याला हवा थंड असल्याचे खोटे सांगितले, तर हे संरक्षणच आपण काढून घेतो. ठोके पडू लागले की पिस्टनला इजा होते, आणि तो खर्च चिपेच्या किमतीच्या अनेक पटींनी अधिक असतो.

मग “मला फरक पडला” असे लोक का सांगतात? पैसे खर्चून चिप लावलेला मनुष्य काही दिवस पाय जपून दाबतो. शिवाय विक्रेता सांगतो की, चिपेला गाडी ‘शिकायला’ काही शे किलोमीटर लागतात. तेवढ्यात ऊन बदलते, टायरमधील हवा बदलते, रस्ताही बदलतो. खरी परीक्षा सोपी आहे. टाकी पूर्ण भरून वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत अनेक खेपा कराव्यात, वेळ आणि वेग तोच ठेवावा. चिप केव्हा लावली नि केव्हा काढली, हे चालविणाऱ्यास कळू देऊ नये. मग टाकीचा हिशेब मांडावा.

इंजिनाची ताकद संगणकातून मुळीच वाढत नाही, असे मात्र नव्हे. टर्बो असलेल्या इंजिनात जाणकार माणूस संगणकातील आकडेच बदलून ती वाढवू शकतो. पण तो प्रत्येक गाडी मोजून पाहतो, हजारो रुपये घेतो, आणि गॅरंटी जाण्याचा व धूर वाढण्याचा धोकाही आधी सांगतो. न टर्बोच्या पेट्रोल गाडीत अशा खटाटोपाने पदरात फारच थोडे पडते.

तेव्हा विक्रेत्यास एकच प्रश्न विचारावा: “ही चिप कोणत्या सेन्सरला काय सांगते?” उत्तर आले नाही, तर खिशातील पैसे खिशातच ठेवावेत. टायरमध्ये मात्र योग्य हवा भरून घ्यावी. त्याचा लाभ लुकलुकणाऱ्या दिव्यासारखा दिसणार नाही, पण महिन्याच्या हिशेबात उतरेल.