चूल, दार आणि घर : पाठीमागच्या घराच्या व्याख्येविषयी

कोल्हापुरातील जुन्या पेठांत घराच्या पाठीमागे घर आढळते. रस्त्यालगत सोपा, आत माजघर व स्वयंपाकघर, आणि परड्याच्या टोकाला एकदोन बैठ्या खोल्या. या खोल्यांत कधी धाकटा भाऊ आपला संसार मांडून राहतो, कधी गावाकडून शिक्षणासाठी आलेली मुले राहतात, कधी एखादे बिऱ्हाड असते. जागा एकाची, येण्याजाण्याची वाटही पुष्कळदा एकच. राहणारे मात्र निराळे. अशा निवासाला मराठीत सर्वमान्य नाव नाही. ‘मागची खोली’ म्हणून बोलण्यात भागते. परवानगीच्या अर्जात भागत नाही.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याखाली राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली अमलात आणली. मुंबईसारखी काही क्षेत्रे वगळता ती राज्यभर लागू असून कोल्हापूर महानगरपालिकेचे क्षेत्र तिच्या कक्षेत येते. मागच्या खोलीला जवळच्या अशा दोन संज्ञा या प्रकारच्या नियमांत परंपरेने चालत आल्या आहेत. पहिली आनुषंगिक इमारत : मुख्य इमारतीपासून अलग, परंतु तिच्या वापराला पूरक, मोटारघर, कोठी, नोकरांच्या खोल्या ही तिची नेहमीची उदाहरणे. दुसरी गाळा : स्वयंपाकघर किंवा स्वयंपाकाचा कोनाडा असलेला स्वतंत्र निवास. आनुषंगिकही आहे आणि स्वतंत्र निवासही आहे, असा तिसरा प्रकार मात्र व्याख्येत नाही.

या दोन संज्ञांमधील सीमारेषा चुलीने आखलेली आहे. खोलीत न्हाणीघर असले, निराळे दार असले, आत चारजण झोपत असले, तरी एवढ्याने तिचा गाळा होत नाही. स्वयंपाकाची सोय झाली की मात्र तिला गाळा म्हणण्यास जागा होते. चटईक्षेत्राची मोजणी व भोवती सोडावयाची सामासिक अंतरे यांतून दोन्ही प्रकारांना सहसा सुटका नाही. परंतु गाळ्यांची संख्या वाढली म्हणजे वाहने उभी करण्याच्या जागेचा हिशेब वाढतो, आणि पेठेतील अरुंद जागेत नेमकी तीच जागा नसते. म्हणून नकाशावर ‘कोठीची खोली’ असे लिहिण्याचा मोह होतो. हा लबाडीचाच प्रकार आहे असे म्हणून त्याची वासलात लावणे सोपे आहे. पण ज्या वस्तूला नियमाने नावच दिले नाही तिला माणूस शेजारचे नाव देतो, हेही तितकेच खरे.

चुलीवरून घर ओळखण्याची पद्धत परकी नाही. संस्कृत ‘चुल्ली’पासून आलेल्या या शब्दाने मराठीत भांड्याखालच्या विस्तवापेक्षा पुष्कळ मोठा अर्थ धारण केला आहे. ‘त्यांनी वेगळी चूल मांडली’ या वाक्यात पाकक्रियेविषयी काहीच सांगितलेले नसते. कुटुंब दुभंगल्याची ती वार्ता असते. भारताच्या जनगणनेतही कुटुंब म्हणजे सामान्यतः एकत्र राहणारी व एकाच स्वयंपाकघरात जेवणारी माणसे. घराची व्याख्या मात्र जनगणना दारावरून करते : रस्त्यावर, सामाईक अंगणात वा जिन्यावर उघडणारे निराळे मुख्य दार असले की ते निराळे घर. तेव्हा परड्यातील खोलीत राहणारा मुलगा आईच्या हातचे जेवत असेल, तर जनगणनेच्या लेखी घरे दोन आणि कुटुंब एक ठरते. हिंदू कायद्याची दृष्टी याहून निराळी. भावांच्या चुली वेगळ्या झाल्या एवढ्यावरून एकत्र कुटुंबाची वाटणी झाली असे न्यायालये मानीत नाहीत. वेगळे होण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. चूल तीच, पण नगररचनेत ती निर्णायक, जनगणनेत निम्मी निर्णायक, आणि वारसाहक्काच्या दाव्यात केवळ एक पुरावा.

भाड्याच्या कायद्याने तर घराकडे न पाहता माणसाकडे पाहिले आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ यातील ‘पेइंग गेस्ट’ म्हणजे, जागा देणारा स्वतः जेथे राहतो त्याच जागेचा काही भाग परवान्याने मिळालेली, त्याच्या कुटुंबाबाहेरची व्यक्ती. परड्यापलीकडची खोली ‘त्याच जागेचा भाग’ मानावयाची की नाही, हा प्रश्न येथेही उरतोच.

अन्यत्र हा प्रश्न नवे नाव घडवून सोडविलेला दिसतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात अशा निवासाला पूर्वी ‘दुसरे घर’ या अर्थाची संज्ञा होती. २०१७ च्या आरंभापासून लागू झालेल्या कायद्यांनी तिच्या जागी ‘आनुषंगिक निवासगृह’ ही संज्ञा आणली. राहणे, झोपणे, खाणे, शिजविणे व स्वच्छता या पाचही गोष्टींची कायम सोय तीत अभिप्रेत आहे. म्हणजे चूल असूनही आनुषंगिकत्व टिकते. हवाई बेटांत अशा घराला ‘ओहाना’, म्हणजे कुटुंब, असा शब्द लावतात, आणि इंग्रजी बोलीत ते आजीच्या नावाने ओळखले जाते.

मराठीत अशी संज्ञा घडवावयाची तर ‘गाळा’ फारसा उपयोगी नाही. गृहनिर्माण मंडळाच्या भाषेत तो राहण्याचा असला तरी कोल्हापुरात गाळा म्हटला की दुकान डोळ्यांपुढे येते. ‘सदनिका’ बहुमजली इमारतीशी जखडलेली आहे. ‘बिऱ्हाड’ हा शब्द अर्थाने सर्वांत जवळचा; त्यात दुसऱ्याच्या वास्तूत मांडलेला स्वतंत्र संसार नेमका येतो. पण बिऱ्हाड विंचवाच्या पाठीवरही असते. ते माणसांबरोबर हलते, आणि नकाशावर काढावयाची वस्तू हलून चालत नाही. ‘जोडघर’ हा शब्द कदाचित चालू शकेल, मात्र भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन घरांशी त्याची गल्लत होण्याचा संभव आहे.

नावाइतकीच अडचण चुलीचीही झाली आहे. व्याख्येतील ‘स्वयंपाकाचा कोनाडा’ बांधलेल्या चुलीच्या किंवा ओट्याच्या काळातला आहे. विद्यापीठाच्या परिसरात खोली घेऊन राहणारे विद्यार्थी विजेच्या शेगडीवर भात शिजवितात आणि जेवण झाल्यावर ती खाटेखाली सारतात. ओटा नाही, कोनाडा नाही. नियमाच्या शब्दांप्रमाणे तेथे गाळा नाही. त्याच्या शेजारच्या खोलीत एखाद्या विधवेने भाडेकरूच्या सोयीसाठी हातभर कडप्पा भिंतीत बसविला असेल, तर तिची खोली मात्र गाळा ठरू शकते.