निघण्याआधीचे महिने : परदेशी मोहिमेवर जाणाऱ्या सैनिकाबद्दलचे आठ गैरसमज

डोंबिवलीतल्या एखाद्या सोसायटीतला मुलगा फौजेत असतो. त्याची बटालियन संयुक्त राष्ट्रांच्या शांतिमोहिमेवर निघणार असल्याचे कळते आणि लिफ्टपासून कट्ट्यापर्यंत चर्चा रंगते. ‘फॉरेन पोस्टिंग लागलं, मजा आहे!’, ‘आता पगार डॉलरमध्ये!’, ‘लढाईवर थोडाच चाललाय!’ घरच्यांना मात्र हसावे की रडावे ते कळत नाही. निघण्यापूर्वीचे महिने त्याने कसे काढले, हे त्यांना ठाऊक असते. लढणे त्याला आधीच येते. या महिन्यांत तो शिकतो ते मुख्यतः हात आवरणे, वाट पाहणे आणि परक्या मुलखात नीट वागणे. आपल्याकडचे बरेचसे गैरसमज नेमके इथेच जन्मतात.

गैरसमज १ : ठाणे-कल्याणचा असल्या मोहिमांशी काय संबंध? उल्हासनगरचे ‘कॅम्प’सुद्धा निर्वासितांसाठीच वसवले होते.

वस्तुस्थिती : कॅम्प आधी फौजेचे होते, निर्वासित नंतर आले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी कल्याणजवळ मोठी ट्रान्झिट छावणी उभारली. कसारा आणि कर्जत अशा दोन्ही बाजूंचे लोहमार्ग कल्याणला येऊन मिळतात आणि मुंबईची गोदी तिथून पन्नासेक किलोमीटरवर, त्यामुळे जहाजाची वाट पाहणाऱ्या फौजेला ही जागा सोयीची होती. जवळच नेवाळीला धावपट्टीसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या. त्या जमिनींचा वाद २०१७ च्या आंदोलनात पुन्हा पेटला, हे अनेकांना आठवत असेल.

१९४५ च्या पावसाळ्यात ब्रिटिशांची पाचवी पॅराशूट ब्रिगेड कल्याणच्या छावणीत मलायाच्या मोहिमेसाठी सज्ज होत होती. तेवढ्यात जपानने शरणागती पत्करली. मग विमानातून उड्या मारायला शिकलेली ही माणसे सप्टेंबरात समुद्रमार्गे मलायाच्या किनाऱ्यावर उतरली. फाळणीनंतर रिकाम्या बराकींत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. पत्त्यात कॅम्प नंबर आणि बराक नंबर लिहिण्याची तिथली रीत ही त्या फौजी दिवसांचीच खूण आहे.

गैरसमज २ : हुकूम आला की ट्रंक भरायची आणि विमानात बसायचे.

वस्तुस्थिती : युनिटची निवड झाल्यापासून विमानात पाऊल पडेपर्यंत महिने जातात. पहिली चाळणी वैद्यकीय तपासणीची. दात, डोळे, रक्तदाब, साखर सगळे पाहिले जाते, कारण दक्षिण सुदानच्या दलदलीत दाढ ठणकू लागली तर कोपऱ्यावर दवाखाना नसतो. त्यानंतर लसी. पिवळ्या तापाच्या लसीचे प्रमाणपत्र लस टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होते, त्यामुळे ते काम आदल्या रात्रीवर ढकलता येत नाही. मलेरियाच्या गोळ्या आणि मच्छरदाणी यांवर स्वतंत्र वर्ग असतो.

दुसरीकडे सामानाची यादी आणि मोजणी सुरू असते. काळ्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नंबर, रँक, नाव आणि युनिट रंगवले जाते. गाड्यांचा हिरवा रंग जाऊन पांढरा येतो, त्यावर काळ्या ठळक अक्षरांत ‘यूएन’ उमटते. या मोहिमांच्या प्रशिक्षणासाठी नवी दिल्लीत २००० साली स्थापन झालेले खास केंद्र आहे.

गैरसमज ३ : प्रशिक्षण म्हणजे दिवसभर गोळीबार आणि धावणे.

वस्तुस्थिती : पहाटेची पीटी आणि फायरिंग रेंज काही सुटत नाही. पण लंगरमधला नाश्ता झाला की फॉलिन होऊन बराच वेळ वर्गात जातो. ज्या देशात जायचे तिथला नकाशा, टोळ्या, भाषा, पेरलेले सुरुंग कसे ओळखायचे, इंग्रजीतून वायरलेसवर कसे बोलायचे, प्रथमोपचार, स्थानिक बायकामुलांशी कसे वागायचे, असे एकामागून एक विषय. संध्याकाळी खेळ, मग रोल कॉल. रविवारी मंदिर परेड, अधूनमधून सैनिक संमेलन.

खरी कसोटी लागते ती नाटकी सरावात. मैदानात दोन ड्रम मांडून त्यांवर बांबू आडवा टाकला की चेकपोस्ट तयार. युनिटमधलेच जवान गावकरी होतात. एक आजारी पोराला घेऊन आकांत करणारी आई, दुसरा झिंगलेला बंदूकधारी, तिसरा मोबाईलवर सगळे टिपणारा. पहाऱ्यावरच्या जवानाला एकाच वेळी आईला शांत करायचे असते, बंदूकधाऱ्याशी अंतर राखायचे असते, दुभाष्याला पुढे घ्यायचे असते आणि वायरलेसवर खबर द्यायची असते. सराव संपला की उस्तादांचा पहिला प्रश्न ठरलेला : ‘बोट ट्रिगरवर का गेलं?’

शांतिमोहिमेची तीन मूळ तत्त्वे आहेत. संबंधित पक्षांची संमती, निःपक्षपातीपणा, आणि स्वसंरक्षण किंवा मोहिमेने सोपवलेली जबाबदारी पार पाडणे सोडून इतर कशासाठीही बळाचा वापर न करणे. आधी इशारा, मग ताकदीचे प्रदर्शन, गोळी अगदी शेवटी, ही चढती पायरी झोपेतही आठवली पाहिजे. शत्रू दिसला की तुटून पडायला शिकलेल्या माणसाला हे अवघड जाते. समोरच्याला ‘शत्रू’ म्हणायचे नाही, इथपासूनच सुरुवात असते.

गैरसमज ४ : वीस वर्षे फौजी गाडी हाकणाऱ्याला आता काय शिकवायचे?

वस्तुस्थिती : काँगो, दक्षिण सुदान, लेबनॉन या सर्व देशांत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात. घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत हात बसलेल्या चालकालाही चौकात वळताना सवय मोडावी लागते. मोहिमेच्या ठिकाणी पोहोचल्यावर संयुक्त राष्ट्रांची वेगळी चाचणी द्यावी लागते. ती पास झाल्याशिवाय मोहिमेची गाडी हाती येत नाही.

गैरसमज ५ : एका फेरीत फ्लॅट सुटतो, पगार डॉलरमध्ये येतो.

वस्तुस्थिती : संयुक्त राष्ट्रे तुकड्यांमधील सैनिकांना पगार देत नाहीत. प्रत्येक सैनिकामागे महिन्याला ठरलेली रक्कम त्या त्या देशाच्या सरकारला मिळते. २०१८ मध्ये हा दर १,४२८ डॉलर ठरला होता. सैनिकाला वेतन आणि परदेशातील भत्ता मिळतो तो आपल्या सरकारच्या नियमांनुसार. संयुक्त राष्ट्रांकडून त्याच्या हातात थेट पडणारा दैनिक भत्ता किती, तर १.२८ डॉलर. चार पैसे जास्त सुटतात, हे खरे. पण डोंबिवलीजवळच्या पलावात फ्लॅट बुक करण्याआधी हे आकडे पाहावेत.

गैरसमज ६ : शांतिसैनिकाची निळी टोपी घातली की कोणी हात लावत नाही.

वस्तुस्थिती : कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांना परमवीर चक्र मिळाले ते काँगोतल्या शांतिमोहिमेत, ५ डिसेंबर १९६१ रोजी दिलेल्या बलिदानासाठी. ९ एप्रिल २०१३ रोजी दक्षिण सुदानमधील जोंगलेई राज्यात वाहनांच्या ताफ्यासोबत जाणाऱ्या भारतीय तुकडीवर हल्ला झाला, त्यात पाच भारतीय सैनिक मारले गेले. शांतिमोहिमांत प्राण गमावलेल्यांमध्ये सर्वाधिक संख्या भारतीयांची आहे. म्हणूनच निघण्यापूर्वी ताफ्यावरील हल्ल्याचा सराव पुनःपुन्हा होतो.

गैरसमज ७ : पूर्वीचे मराठे गडी कुठे असले वर्ग करत होते? तरी मर्दुमकी गाजवून आलेच.

वस्तुस्थिती : मर्दुमकी गाजवली, पण अपुऱ्या तयारीची किंमतही त्यांनीच मोजली. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेलेल्या सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. नदीवर चालणाऱ्या बोटी, औषधे, जखमींना हलवण्याची सोय, सगळ्यांचाच तुटवडा. डिसेंबर १९१५ पासून ही डिव्हिजन कूत-अल-अमारा इथे वेढली गेली आणि १४७ दिवसांनी, २९ एप्रिल १९१६ रोजी, उपासमारीने शरण आली. पुढे तुर्कांच्या कैदेत शेकडो मैलांच्या पायपिटीत आणि रोगराईत असंख्य जवान गेले. चौकशी आयोगाने १९१७ मध्ये व्यवस्थेवर कडक ठपका ठेवला आणि ब्रिटनचे भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. आज दात तपासणारा डॉक्टर आणि सामानाची यादी घेऊन बसलेला सुभेदार ज्यांना कटकट वाटतो, त्यांनी हा इतिहास वाचावा. मोहीम हरते ती अनेकदा निघण्याआधीच.

गैरसमज ८ : हे पुरुषांचे काम.

वस्तुस्थिती : २००७ मध्ये लायबेरियात तैनात झालेले भारतीय महिला पोलीस पथक हे संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेतले पहिले पूर्णतः महिलांचे पथक होते. दक्षिण सुदानमध्ये काम केलेल्या मेजर सुमन गवानी यांना संयुक्त राष्ट्रांचा २०१९ चा विशेष पुरस्कार मिळाला. होरपळलेल्या गावात बायका जे पुरुष सैनिकाशी बोलत नाहीत, ते गणवेशातल्या बाईशी बोलतात. त्यामुळे गस्तीच्या सरावात महिला सैनिकांचा भाग आता महत्त्वाचा मानला जातो.

शेवटी शेजाऱ्यांना आणि घरच्यांना दोन शब्द. त्याची निघण्याची तारीख, विमान, युनिटचे ठिकाण सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. फोटो घ्यायचाच असेल तर घ्या, पण तो पोहोचेपर्यंत स्वतःजवळ ठेवा. घरच्यांनी तो सुट्टीवर आला की जत्रा आणि जेवणावळींआधी कागद पाहावेत. पत्नीचे नाव, मुलांच्या जन्माची फौजी नोंद (पार्ट टू ऑर्डर), बँकेतले वारसदार, आधारकार्डावरचे स्पेलिंग हे सगळे एकमेकांशी जुळते का? एका चुकीच्या अक्षरापायी पुढे घरच्यांना खेटे घालावे लागतात. अडचण आलीच तर ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. आणि तो परत आल्यावर ‘किती डॉलर आणलेस?’ असे विचारू नका. ‘कसा होतास?’ एवढे विचारा आणि तो सांगेल तेवढे ऐका.